टॉवेलचा पांढरा तुकडा

रशीदभाई गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, शबानाने केला, तेव्हा मी गाडीची कागदपत्रं फाइलमध्ये लावत बसले होते. दहा वाजता त्यांच्याच गॅरेजात सर्व्हिसिंगला जायचं होतं. ‘अब्बांच्या कामाच्या पाटीवर आज तुमचंच नाव आहे,’ ती म्हणाली. आज त्याला सहा आठवडे झाले. ईशान, राधा, तुम्ही दर रविवारी फोनवर विचारता की आजी, ती जुनी, धूर सोडणारी गाडी विकत का नाहीस? त्याचं उत्तर या माणसात आहे, म्हणून हे लिहिते आहे.

तुमचे आजोबा गेल्यावर अठ्ठावन्नाव्या वर्षी मी गाडी शिकले. विजेवरची नवी गाडी माझ्या पेन्शनला झेपणारी नाही. आणि खिडकीच्या काचा खाली करून, डाळिंबाच्या बागा बघत सांगोल्याला माझ्या धाकट्या बहिणीकडे जाणं... तेही सोडवत नाही. पण तुमचं बोलणं टोचायचं. सात रस्त्याजवळच्या त्या गॅरेजात मी ते एकदा बोलून दाखवलं, तर रशीदभाईंनी टॉवेल कारखान्यातले बाद झालेले पांढरे तुकडे आणून माझ्या डिकीत ठेवले. इंजिन चालू ठेवून ते सायलेन्सरच्या तोंडामागे पक्कडीत एक तुकडा मिनिटभर धरायचे. पांढरा राहिला तर किल्ली हातात. काळा पडला तर गाडी तिथंच. मग हवेचा फिल्टर, प्लग, चाकातली हवा, सगळं एकेक बघत बसायचे. सिग्नलला इंजिन बंद करायची सवय त्यांनीच लावली. मी गाडी दामटते हे आवाजावरून ओळखायचे. ‘शिलाई मशीनवर बारीक टाका घालताना पाय कसा ठेवता, मॅडम? तसाच ठेवा. हौस करा की, पण घाई कशाला?’ तसा पाय ठेवल्यावर पेट्रोल कमी लागू लागलं, आणि खरं सांगते, बागाही जास्त दिसू लागल्या.

गेल्या वर्षी बहिणीची सत्तरी होती. धुराच्या तपासणीची, म्हणजे पीयूसीची मुदत संपलेली. तपासणी केंद्रातल्या माणसाने माझ्या पांढऱ्या केसांकडे बघून, सायलेन्सरमध्ये नळी न घालताच कागद दिला. मी तो निमूट घेतला, फाइलला रंगीत चिठ्ठी लावली आणि वाटेत गॅरेजात दाखवला. ‘नळी घातली व्हती का?’ त्यांनी विचारलं. परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलींना तीस वर्षं वर्गाबाहेर उभं करणारी मी ‘हो’ म्हणाले. त्यांनी वाद घातला नाही. डिकीतून तुकडा काढला, धरला. मधोमध काळं वर्तुळ.

‘कागद साफ हाय की, मॅडम. गाडीचं काय?’

मग खोकला आवरत म्हणाले, ‘चाळीस वर्सं लोकांचा धूर खाल्लाय आमी. फुडच्याला नको.’ गाडी त्यांनी ठेवून घेतली. मी एसटीने सांगोल्याला गेले, वाटभर फुरंगटून. परतले तेव्हा धुळीने गच्च झालेला फिल्टर त्यांनी मला दाखवायला वर्तमानपत्रावर काढून ठेवला होता, शेजारी माझ्यासाठी बिनसाखरेचा चहा. नळीचा विषय त्यांनी पुन्हा कधीच काढला नाही. मीही नाही... ते राहूनच गेलं.

मागच्या शुक्रवारी पुन्हा सांगोल्याला निघाले होते. पीयूसीची मुदत अजून बाकी होती. तरी डिकी उघडली. चार तुकडे उरले होते. स्वयंपाकघरातला चिमटा घेतला, गुडघे कुरकुरत असताना खाली बसले आणि मिनिटभर तुकडा धरला. करडं वर्तुळ उमटलं. फार नाही... पण होतं. इंजिन बंद करून गॅरेजात फोन लावला. आता ते शबाना सांभाळते. मी गाडीचं नाव काढताच तिने विचारलं, ‘कपडा बघितलात का?’

‘काळा आलाय,’ मी म्हणाले.

सांगोल्याला एसटीने गेले. तो तुकडा मी धुतलेला नाही. दाराजवळच्या खुंटीवर गाडीच्या किल्लीवरच टांगला आहे. किल्ली घ्यायची तर आधी तो उचलावा लागतो.