दाखवायची सुमी, दिसलो मी

मी आयुष्यात टेनिस एकदाच खेळलो. पडतो मात्र दरवर्षी.

गोष्ट इंग्रज अमदानीतली, आमच्या नागपूरच्या धरमपेठेतल्या घरची. माझी धाकटी बहीण सुमी कॉलेजात टेनिस खेळायची, आणि वर जिंकायचीसुद्धा! (लग्नाच्या बाजारात हा मोठाच दोष.) पाहायला आलेली मंडळी पोहे संपेपर्यंत गोड बोलायची, आणि कोपऱ्यातली रॅकेट दिसली की टांग्याला हाक मारायची. शेवटी जबलपूरचं एक स्थळ आलं. मुलगा जंगलखात्यात, आणि त्याची अट एकच: बायकोला टेनिस उत्तम आलं पाहिजे.

"आई, करीन तं इथंच," सुमीनं जाहीर केलं. "नाही तं जन्मभर तुह्याच हातच्या पोळ्या खाईन!"

आई घाबरली. आता अडचण एवढीच, की मुलाला रजा नव्हती. आमच्या काकाजींचा सीताबर्डीला फोटोचा धंदा, आणि त्यांनी नुकताच सिनेमाचा कॅमेरा घेतला होता. ते बाबांना म्हणाले, "फिकर काहून करता दादा? पोरीच्या खेळाचा सिनेमाच काढतो अन् घेऊन जातो जबलपूरले!"

परक्या पुरुषाबरोबर मुलीनं खेळणं शोभत नाही, म्हणून समोर मला उभं करायचं ठरलं. मी रॅकेट तोवर फक्त वटवाघूळ हाकलायला वापरली होती. पण घरात माझं मत विचारायची पद्धत नव्हती, अजूनही नाही.

सामन्याच्या दिवशी उठून पाहतो तो मागच्या अंगणातलं कोर्ट आईनं पहाटेच शेणानं सारवून ठेवलेलं, आणि रेघा चक्क रांगोळीच्या!

"आई वं, हे काय केलं?"

"पाहुणे पाहतीन ना रे! घाण अंगण दाखवू का?"

सुमीच्या बाजूला ऊन होतं, तिकडचं वाळलं. माझ्या बाजूला कडुलिंबाची सावली. पुढचं सांगायलाच नको, पण सांगणं भाग आहे.

काकाजी कॅमेरा फिरवणार, तोच बाबा ओरडले, "थांब! पोरगी पळताना दिसली नाही पाहिजे. पातळ वर गेलं, पाय दिसले, तं चार लोकं काय म्हणतीन? ते पळाली का कॅमेरा इकडे फिरव."

"पण दादा, पळाल्याशिवाय टेनिस कसं होईन जी?"

"पळासाठी हा गधा आहे ना!"

काकाजींनी आयुष्यात थोरल्या भावाचा शब्द मोडला नव्हता. मी ताठ मानेनं कोर्टावर आलो, सुमीनं नमस्कार केला, तेवढं घेतलं. तिनं पाऊल उचललं, की कॅमेरा माझ्यावर! पहिला चेंडू उजवीकडे आला. मी धावलो आणि थेट कडुलिंबापर्यंत घसरलो. दुसरा डावीकडे; मी बसलो. तिसरा डोक्यावरून गेला. मी मागं पाहायला गेलो आणि आडवा झालो.

"दादा, उठ ना गा! माह्या लग्नाचा सवाल आहे!" सुमी ओरडत होती, आणि पुढचा चेंडू तितक्याच निर्दयपणे मारत होती.

मी थकलो हो! फिल्म संपत आली तेव्हा अंगावरचे पांढरे कपडे शेणामातीचे झाले होते. शेवटी सुमी शांतपणे पाणी पिताना दाखवली, आणि बाबा म्हणाले, "वा! कसं सभ्य झालं!"

काकाजी जबलपूरला गेले. इकडे सुमीला जेवण जाईना, आणि सगळा राग माझ्यावर. पुढच्या आठवड्यात काकाजी परतले ते तोंड पाडून, मान खाली घालून. पण मागोमाग एक उंच तरुण आत आला, आणि मला पाहताच त्यानं हसू दाबायला रुमाल काढला!

"माफ करा जी," बाबा पुटपुटले, "फिल्ममध्ये मुलगी काही दिसली नसन..."

"मुलगी नाही दिसली, पण खेळ दिसला," तो म्हणाला. "प्रत्येक चेंडू नेमका हे जिथं नसतील तिथं पडत होता! असा हात मी पाहिला नाही. भांडून रजा मिळवली. आता मी त्यांना पसंत आहे का, तेवढं विचारा."

दाराआडून आवाज आला, "दादा, विचार ना, लग्नानंतर खेळू देतीन का?"

"समोर हे नसतील, तर रोज!"

भावाला पडताना पाहून ठरलेलं हे नागपुरातलं एकमेव लग्न असावं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि खरं सांगतो, माझ्याही.

तेव्हापासून दर भाऊबीजेला जबलपूरला ओवाळून झालं, की जावई भिंतीवर चादर टांगून तीच फिल्म लावतात आणि भाचरं ओरडतात, "मामा पडला! मामा अजून पडला!" मागच्या वर्षी गुडघा दुखतो म्हणून येत नाही म्हटलं, तर सुमी म्हणाली, "राहू दे दादा, फिल्म आहे ना!" मी मुकाट्यानं गेलो.

शेवटी जावई हौसेनं फिल्म उलटी फिरवतात. मग मी शेणातून आपोआप उठतो, माझे कपडे पांढरेशुभ्र होतात, आणि मी ताठ मानेनं कोर्टाबाहेर जातो (उलट्या पावलांनी). आयुष्यात माझी तेवढीच काय ती प्रगती!