सायीसारखी सांज

कवयित्री लीलाताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते अंबरनाथच्या एका वाचनालयातल्या काव्यवाचनात. मी तिथल्या कारखान्यात पॅकिंगला होते आणि कुणाला न सांगता कविता करत होते. त्या दिवशी पहिल्यांदाच लोकांसमोर ‘काळ्या कातळावर काळ कण्हतो’ अशी सुरू होणारी कविता मी ठसक्यात वाचली. टाळ्या पडल्या. ताई मात्र बाहेर गाठून हळूच म्हणाल्या, “अगं, एवढे ‘क’ जमवलेस की कावळ्यांची सभा भरली. रविवारी बदलापूरला ये.”

रविवारी त्यांनी मला मांजर्लीला, उल्हास नदीच्या काठी नेले. ऊन कलले होते. पलीकडचा काठ धुरकट होत होत विरून गेला. ताई डोळे मिटून बसल्या होत्या.

“पाण्यात कोणतं अक्षर ऐकू येतं?”

“ल,” मी म्हणाले.

“मला ‘स’. दोन्ही खरी. ऐकू आलं तर लिही. नुसतं जुळतंय म्हणून नको.”

अनुप्रासाचा एवढाच धडा त्यांनी दर रविवारी त्यांच्याकडे कविता शिकायला जमणाऱ्या आम्हा सर्वांना दिला. त्यांत उल्हासनगरच्या कापडदुकानांत दिवसभर उभ्या राहणाऱ्या बायकाही होत्या.

मग अर्धांगाचा झटका आला आणि ताईंची वाचाच गेली. त्या खिडकीशी मुक्या बसून राहत. त्यांचे यजमान अण्णा मला म्हणाले, “तू येत जा गं. माझ्यासमोर ती प्रयत्नच करत नाही, नुसती रडते.” मी कामावरून थेट त्यांच्याकडे जाऊ लागले. त्यांचीच ओळ सावकाश म्हणत असे: ‘सायीसारखी सांज सरकते साकवावरून.’ कित्येक आठवडे काहीच घडले नाही. एका संध्याकाळी मी म्हणता म्हणता थांबले, आणि ताईंच्या ओठांतून झुळूक यावी तसा ‘स्स’ आला. मग ‘सा’. अण्णा चहाचा कप घेऊन दारातच उभे राहिले. त्यानंतर एकेक शब्द, झोपेतून उठल्यासारखा, परतत गेला.

अख्खी ओळ म्हणता आली त्या दिवशी मी टाळ्या वाजवल्या. ताईंनी हात वर करून मला थांबवले.

“‘सरकते’ नको... ‘उतरते’ कर. ‘स’... जास्त झालाय.”

अण्णा हसता हसता रडले.

आज ताई पंचाहत्तर वर्षांच्या झाल्या आहेत. रविवारी त्यांच्याकडे पुन्हा मंडळी जमतात. त्यांच्या दोन शब्दांच्या मध्ये आता मोठी शांतता असते, आणि तेवढा वेळ आम्हीही स्वस्थ बसतो. ताई, तुम्हाला निरोगी, उदंड आयुष्य लाभो. हवा तेवढा वेळ घ्या. आम्हाला कुठेच जायचे नाही.