मागे कोणी राहणार नाही

झोफिया मिर्गोवाची जीभ थकली होती. गुडघे तर कधीचेच थकले होते, पण गुडघ्यांसाठी निदान मलम मिळते. जिभेला काय लावावे?

बावीस वर्षे ही माउली एकच चढ चढत आणि उतरत आली. वर, जंगलाच्या कडेला, आमची रोमा लोकांची वस्ती, त्रेचाळीस घरांची. खाली होर्नी ब्रोड, स्लोव्हाक लोकांचे गाव, चर्च, दुकान आणि कचेरी असलेले. मध्ये दीड किलोमीटरचा चिखल. त्या चिखलातून झोफियाने शब्द वाहिले. खालचे शब्द वर आणले, वरचे शब्द खाली नेले. नेमणुकीच्या कागदावर ती आरोग्यसहायिका होती. बाळांच्या लसींच्या तारखा सांगायच्या, म्हाताऱ्यांचा रक्तदाब मोजायचा, एवढेच तिचे काम. पण राजधानीहून कोणीही आले, मग तो डॉक्टर असो, मोजणीदार असो की अहवाल लिहिणारा असो, हाक झोफियालाच. कारण दोन्ही बोली तिच्या तोंडात एकाच घरच्या बहिणींसारख्या नांदत होत्या.

आणि देवाने तिला स्वभाव दिला होता मऊ. कोणाचे मन दुखवायचे तिच्या जिवावर येई. म्हणून सुतार जसा फळीवर काचकागद फिरवतो, तशी ती प्रत्येक शब्दावर हात फिरवी आणि कुसळे काढूनच तो पुढे देई. आमचा काल्मान दुंका ओरडायचा, "सांग त्या महापौराला, तो गाडी धुतो तेवढ्या पाण्यात माझी चार नातवंडं आंघोळ करतील!" झोफिया स्लोव्हाकमध्ये सांगायची, "वस्तीला पाण्याची निकड आहे." महापौर म्हणायचे, "निधीची उपलब्धता तपासून यथावकाश विचार होईल." झोफिया आमच्या बोलीत सांगायची, "बघतो म्हणाले." दोन्हीकडची माणसे शांतपणे घरी जायची. नळ मात्र येत नसे. जंगलाच्या पायथ्याशी एक झरा आणि त्याला बसवलेली एक लोखंडी नळी, हेच त्रेचाळीस घरांचे पाणी. जानेवारीत नळी गोठे, मग बर्फ वितळवायचा.

आमचे पूर्वज हिंदुस्थानातून आलेले, म्हणून आमच्या बोलीत पाण्याला पाणीच म्हणतात. आणि स्लोव्हाक लोक बाईमाणसाला आदराने म्हणतात पानी. त्यामुळे राजधानीहून नवी बाई आली की काल्मान दारात उभा राहून टाळी वाजवायचा. "बघा, बघा! आम्ही पाणी मागितलं, सरकारनं पुन्हा पानी पाठवली!" सारी वस्ती हसायची. झोफियाही हसायची. अकरा बैठकांनंतर तिचे हसणे नुसते ओठांवर उरले होते.

सहा वर्षांपूर्वीच्या बैठकीला चारच माणसे आली होती. त्या दिवशी बटाटे काढायला जायचे होते, रोजंदारी कोण बुडवणार? अहवालात एक ओळ छापून आली : "समुदायाने स्वारस्य दाखवले नाही." त्या ओळीपायी देशाच्या आराखड्यातून वस्ती वगळली गेली. खालच्या गावाला नवी जलवाहिनी मिळाली, ती वस्तीच्या वळणापर्यंत आली आणि तिथूनच माघारी फिरली. ती ओळ झोफियाच्या काळजात काट्यासारखी रुतून बसली होती.

म्हणून या ऑक्टोबरात नवी पत्रके आली तेव्हा तिने मनाशी ठरवले की यंदा खुर्च्या भरायच्या. दोन हजार तीस सालापर्यंतचा देशाचा शाश्वत विकासाचा आराखडा, त्यासाठी वंचितांची मते, गुरुवारी अकरा वाजता, खाली सांस्कृतिक भवनात. आणि वर मोठ्या निळ्या अक्षरांत घोषवाक्य : कोणीही मागे राहणार नाही.

रविवारी चर्चमधली प्रार्थना झाल्यावर झोफिया दारोदार फिरली. एकेका उंबऱ्यावर उभी राहून, गुडघ्यावर हात ठेवून, तिने ते वाक्य आपल्या बोलीत जसेच्या तसे सांगितले. "सरकार म्हणतंय, मागे कोणीही राहणार नाही. गुरुवारी खाली या." ऐकणाऱ्यांचे चेहरे उतरले. कंटाळले असतील, असे तिला वाटले. ती स्वतःच इतकी कंटाळलेली होती की दुसऱ्याच्या चेहऱ्यावरही तिला आपलाच कंटाळा दिसला.

सोमवारी सकाळी काल्मान आपल्या छपरावर चढून चुलीचा धुराडा उतरवत होता.

"काय रे, हिवाळा तोंडावर आणि धुराडा काढतोस?"

"इथंच सोडून पुन्हा नवा विकत घेऊ का?" तो खाली न बघताच म्हणाला. "तू फक्त एवढं सांग, ट्रक कधी येणार? गुरुवारी सकाळी की बैठक झाल्यावर?"

"कसला ट्रक?"

"वा! कचेरीत बसून कॉफी पितेस आणि आम्हाला विचारतेस कसला ट्रक!"

झोफिया पुढे गेली. एका घरात पोते शिवत होते, दुसऱ्या घरात भिंतीवरची पवित्र मातेची तसबीर काढून चादरीत गुंडाळली होती. शेवटच्या घरी एर्जिका आत्या, एक्याऐंशी वर्षांची, पिसांच्या दुलयांचे गाठोडे बांधून त्यावर बसली होती. अंगात कोट, डोक्याला रुमाल. निघालेल्या माणसाचा वेश.

"आत्या, तूसुद्धा?"

"तेच शब्द, पोरी," म्हातारी म्हणाली. "तस्सेच शब्द. तू सात वर्षांची होतीस. ट्रकमध्ये माझ्या मांडीवर होतीस तू. विसरलीस?"

झोफियाला आठवले.

एकोणीसशे बाहत्तर सालची ती सकाळ. तेव्हा आमची वस्ती नदीकाठी होती, सपाट जागी, दारात पाणी. सहकारी गोठ्याला कुरण हवे होते. तीन ट्रक आले. चामडी कोटातला एक माणूस ट्रकच्या पायरीवर उभा राहून ओरडला, "मागे कोणीही राहणार नाही!" तात्पुरते म्हणून इथे वर आणून उतरवले. ते तात्पुरते अजून संपलेले नाही. ही जमीन कोणाची, हे आजवर कोणत्याच कागदाने सांगितले नाही.

राहणे! केवढे साधे क्रियापद, आणि केवढा त्याचा पसारा! राहणे म्हणजे वसणे, राहणे म्हणजे उरणे, राहणे म्हणजे मागे पडणे. आमच्या बोलीत या सगळ्यांना एकच शब्द आहे. राजधानीतल्या कोणा भल्या माणसाने प्रेमाने लिहिले की कुणाला विसरणार नाही, आणि वस्तीच्या कानांनी ऐकले की इथे कुणाला राहू देणार नाही. ज्याला एकदा उचलले, तो ते वाक्य दुसऱ्या कशा प्रकारे ऐकणार? पण झोफियालाही इकडे उचलूनच आणले होते. मग तिच्या कानांना ते का कळू नये? परमेश्वरा, बावीस वर्षे दुसऱ्यांचे शब्द वाहता वाहता या लेकरावर स्वतःचे कानही गहाण ठेवायची वेळ आणलीस!

ती तीन दिवस पुन्हा फिरली. "अगं बायांनो, तसं नाही. तुम्हाला विसरणार नाहीत, असं त्यांना म्हणायचंय."

"मग तसं लिहायला शाई संपली होती का?" बायांनी विचारले.

गुरुवार उजाडला. सांस्कृतिक भवनात चाळीस खुर्च्या, थर्मासमध्ये कॉफी, खारी बिस्किटे आणि पानी ब्रेझिनोवा, राजधानीहून आलेल्या तिशीतल्या इंजिनियर बाई. सव्वाअकरा झाले. साडेअकरा झाले. खुर्च्या रिकाम्याच. बाईंनी सुस्कारा सोडला आणि लेखणी काढली.

"काय लिहिताय, पानी इंजिनियर?"

"नियमच आहे. उपस्थिती शून्य, म्हणजे..."

"समुदायाने स्वारस्य दाखवले नाही," झोफियाने वाक्य पुरे केले. "ते मला पाठ आहे. थांबा. स्वारस्य नाही असं नाही. भीती आहे. तुमच्या घोषवाक्याची."

तिने ट्रकची हकिगत सांगितली. या खेपेला तिने त्यावर काचकागद फिरवला नाही. तेवढे त्राण उरले नव्हते.

बाई गोंधळल्या. "पण हे वाक्य आमचं नाही हो. साऱ्या जगानं स्वीकारलेलं आहे."

"साऱ्या जगाला ट्रकमध्ये घातलं नव्हतं."

बाईंनी थर्मासचे झाकण लावले. "किती लांब आहे?"

"दीड किलोमीटर. गाडी जात नाही."

वस्तीत बाई दिसताच माणसे दारांत आली, पण पुढे कोणी सरकेना. काल्मान धुराडा काखेत धरून उभा. "पानी आली, ट्रक कुठाय?" तो आमच्या बोलीत म्हणाला.

"विचारतोय, ट्रक कुठे आहे," झोफियाने स्लोव्हाकमध्ये सांगितले.

बाईंचा चेहरा पडला. "ट्रक नाही. कुठेच नाही."

त्यांनी पिशवीतून छापील प्रश्नावली काढली आणि वाचायला लागल्या, "आपल्या परिसराच्या दीर्घकालीन शाश्वत विकासाबाबत आपले प्राधान्यक्रम कोणते?"

झोफियाने डोळे मिटले. "पानी, हे मला कळतं, पण मी ते सांगणार नाही. हाच प्रश्न तुमच्या आईला विचारायचा असता, तर कसा विचारला असता?"

बाईंनी कागद खाली केला. बराच विचार करून त्या म्हणाल्या, "तीस सालापर्यंत इथं काय असावं असं वाटतं?"

झोफियाने ते एर्जिका आत्याला विचारले. आत्या गाठोड्यावरून उठली नाही. "मी," ती म्हणाली. "मी असावं."

लोक हसले. आधी हळू, मग मोकळेपणी. काल्मान ओरडला, "आत्या, लोभी आहेस हं! सरकारनं नळ दिला तर शंभरीपर्यंत जगशील!" झोफियाने तेही सांगितले. बाईंनी दोन्ही उत्तरे लिहून घेतली. मग शब्दांची धार लागली. महापौराची गाडी आली, गोठलेली नळी आली, वळणावरून माघारी गेलेली जलवाहिनी आली, आणि झोफियाने एकही कुसळ न काढता सारे जसेच्या तसे दिले. बाईंचे कान लाल झाले. त्या लिहीत राहिल्या.

"आणि ही जमीन कोणाची?" काल्मानने विचारले. "पाइप टाकाल आणि पुन्हा कोणाला तरी कुरण हवं झालं तर?"

बाई थबकल्या. "मला माहीत नाही. आणि माझ्या कागदात त्यासाठी रकाना नाही."

पूर्वीची झोफिया म्हणाली असती, बघतो म्हणतात. आजची म्हणाली, "तिला माहीत नाही. आणि तिच्या कागदात त्यासाठी रकाना नाही."

झोफियाला वाटले, संपले. आता दारे लागतील. पण काल्मानने काखेतला धुराडा भिंतीला टेकवून ठेवला. "चला," तो म्हणाला, "एकजण तरी खरं बोललं."

बाईंनी प्रश्नावली उलटी केली. मागची बाजू कोरी होती. तिथे त्यांनी हाताने लिहिले : जमीन. खाली रेघ ओढली. "वसंतात मसुदा निघेल. हे त्यात जावं म्हणून मी भांडेन. ठेवतील की काढतील, सांगता येत नाही." झोफियाने हेही तसेच सांगितले आणि कोणी शिवी दिली नाही.

"आणखी काय म्हणतायत ते?" बाईंनी विचारले.

"ते म्हणतात..." झोफियाने सुरुवात केली आणि ती अडली. बावीस वर्षांत हजारो वेळा उच्चारलेले ते दोन शब्द तोंडातून पुढे सरकेनात. तिने आजूबाजूला पाहिले. ज्या दारांत ती उभी राहायची, त्याच ओळीत तिचेही दार होते. झऱ्यावर तिचीही बादली होती. ट्रकमध्ये तीही होती. गुडघे आता उभे राहू देत नव्हते. ती एर्जिका आत्याशेजारी गाठोड्यावर टेकली. आत्याने सरकून जागा केली.

"आम्ही म्हणतो," झोफिया स्लोव्हाकमध्ये म्हणाली, "की आम्हाला इथून हलायचं नाही. आणि मी म्हणते की मी दमलेय. हेही लिहा."

बाईंनी लिहिले. मग लेखणी अधांतरी ठेवून त्यांनी विचारले, "या जागेचं नाव काय टाकू? नकाशात नुसता भूखंड क्रमांक आहे."

"जिप्सी ओढा," मागून कोणीतरी म्हणाले.

"ते खालचे लोक हिणवून म्हणतात. तोंड धू आधी!"

"न्यूयॉर्क टाका," काल्मान म्हणाला. "कळणार नाही कुणाला."

"गप रे! माझी आई याला उप्रे म्हणायची," एर्जिका आत्या म्हणाली. "उप्रे. वरचं. नदीकाठून वर आणलं म्हणून."

"दुःखाचं नाव आहे, आत्या."

"असू दे. आपलं आहे."

थोडी कुरकुर झाली, पण दुसरे नाव कोणी सुचवले नाही. बाईंनी झोफियाकडे पाहिले. "कसं लिहायचं ते?"

झोफियाने एकेक अक्षर सांगायला सुरुवात केली. त्यांच्या लिपीत अक्षरे चारच होती. दुसऱ्या अक्षरानंतर तिला धाप लागली, म्हणून ती थांबली. लेखणी कागदावर टेकवून बाई वाट पाहत राहिल्या.