धनगरवाड्यावरचा निवाडा

आजऱ्याजवळची माझी काजूची बाग जळाली आणि माझं डोकं त्याहून जास्त पेटलं. वरच्या धनगरवाड्यातल्या पंधरा वर्षांच्या पोरीनं, म्हशींना पुढं कोवळा चारा मिळावा म्हणून, उतारावरचं वाळलं गवत पेटवलं होतं. त्यांच्यात हे दरसाल चालतं. यंदा वारा फिरला आणि माझी चाळीस झाडं गेली. पोरीला कोल्हापूरला बाल न्याय मंडळापुढं उभी करायचीच, असं ठरवून मी पोलीस ठाणं गाठलं. तिची दहावीची परीक्षा तोंडावर होती, तेही मला ठाऊक होतं.

हवालदार म्हणाले, "अर्ज घेतो की. पण आदी वाड्यावर बसून बघा. मिटलं तर पोरीचं वरीस वाचंल."

मी धुसफुसतच चढ चढलो. सगळा वाडा देवळापुढं बसला होता, पोरगी मधोमध, मान खाली घालून. काडी कुठं ओढली इथपासून तिनं सगळं स्वतःच्या तोंडानं सांगितलं. निवाड्याला बसणाऱ्यानं मात्र आधी चुकलेल्याच्या वयात असताना केलेली आपली चूक सांगायची, अशी या वाड्याची रीत. म्हाताऱ्या कारभाऱ्यानं आपली सांगितली, मग माझ्याकडं वळला. "पावणं, तुमी काय केलतासा?"

"मी काय गुन्हेगार हाय व्हय?" मी खेकसलो. कारभाऱ्यानं माझ्यासाठी घोंगडं पुढं सरकवलं.

शेवटी सांगितलं. पोरीएवढा असताना, कोल्हापुरात मंगळवार पेठेत, शेजारच्या गोठ्यातलं रेडकू मी गंमत म्हणून सोडलं. ते ट्रकखाली आलं. आळ गोठ्यातल्या गड्यावर आला, त्याचं काम गेलं आणि मी गप्प राहिलो. रेडकू मेलं म्हटल्यावर बायका हळहळल्या. माझ्या चाळीस झाडांसाठी एवढं कुणी हळहळलं नव्हतं!

निवाडा झाला. परीक्षेनंतर दोन पावसाळे पोरीनं माझ्या बागेत नवी रोपं लावून जगवायची, आणि वाड्यानं यापुढं भोवतीचा पट्टा साफ केल्याशिवाय गवत पेटवायचं नाही. मी कबूल म्हटलं आणि छातीवरचा धोंडा उतरला. रागाच्या भरात मी एका पोरीचं आयुष्य नासवायला निघालो होतो, त्यातून सुटलो.

ती पायवाटेपर्यंत मला सोडायला आली. आता मान वर होती.

"मामा, त्या गड्याला कधी सांगितलासा का?"

"न्हाई."

"मग जावा की," ती म्हणाली. "माझं सांगून झालं. तुमचं अजून ऱ्हायलंय."