संकेश्वरीचा ठसका

संकेश्वरी मिरची म्हणजे खाष्ट सासू. वाळून सुरकुतली तरी तोरा तोच! काल सात मिरच्या बायकोवरून उतरवून मी निखाऱ्यावर टाकल्या. ठसका लागला नाही तर दृष्ट लागलेली, असं आमच्याकडे मानतात. आणि दृष्ट काढता येते. डॉक्टरांनी हात टेकल्यापासून माझी भिस्त तेवढ्यावरच होती.

क्षणात अख्खी गल्ली खोकू लागली. शेजारच्या अक्का ओरडल्या, "भाऊजी, मारताय का आम्हाला?"

अंथरुणातून बायकोही खोकत हसली. "म्हटलं नव्हतं, दृष्टबिष्ट काही नाही? खिडकी उघडा आता."

डॉक्टर, पाहुणे, मी, सगळेच तिच्याशी गोड खोटं बोलतो. या मेल्या मिरचीला तेवढं एकदा जमलं नाही.