रंगात बुजलेल्या झडपा

रंगाऱ्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा. आधी आईचं भांडं, मग तिच्या पायाला ताण द्यायला टांगलेली विटांची पिशवी सरळ करणं, मग डबे आणि ब्रश. आईच्या खुब्याचं हाड मोडलं होतं. सहा आठवडे पलंग तसूभरही हलवायचा नाही, असं डॉक्टरनं बजावलं होतं. पलंग नेमका रस्त्याकडच्या खिडकीखाली.

घर जुनं, भिंती हातभर जाड. खिडकीला बाहेरून गज, मग काच, आणि आतून दोन लाकडी झडपा. दिवसा त्या भिंतीच्या जाडीत लागून बसायच्या. बाप होता तोवर रोज अंधार पडताना त्या ओढून आडवा अडसर घालायचा. बाप गेल्यावर रंगाऱ्यानं अंगचोरपणा केला. झडपा बाहेर काढून, खरवडून रंगवायच्या, तर यानं जागच्या जागी वरून हात मारला. पाच वेळा रंगकाम, पाच हात. झडप आणि भिंत यांच्यातली फट बुजली.

"अहो, लोकांकडेही असंच करता का?" बायकोनं विचारलं होतं.

"लोकांकडे तीनच हात देतो."

कारखान्यात दीड महिना संप चालला होता. साहेबानं आतलं ऑफिस रंगवायला बोलावलं, दुप्पट रोजीवर. बायकोचा धाकटा भाऊ तिथंच फिटर. तो दारातूनच म्हणाला, "भावजी, गेटच्या आत पाऊल टाकलंत तर मी तुम्हाला ओळखणार नाही."

"नको ओळखूस. आईच्या डॉक्टरनं मला चांगलंच ओळखलंय."

तीन दिवस तो गेला. चौथ्या दिवशी सकाळी सात वाजता रस्ता भरला. "फितूर, बाहेर ये!" पाठोपाठ पहिला दगड. काच आईच्या अंगावर सांडली. बायकोनं जमिनीवरची आपली गादी ओढून सासूवर टाकली आणि वर स्वतः पालथी पडली. मग अर्धी वीट गजांतून आली, गादीबाहेर राहिलेल्या आईच्या गालाचं कातडं सोलून उशीवर थांबली.

"पलंग ओढा!" बायको ओरडली.

"पाय जाईल तिचा!"

"मग झडपा लावा!"

त्यानं उजवी झडप ओढली. हलली नाही. पटाशी घेतली, हातोडा घेतला आणि स्वतःच्याच रंगावर घाव घातले. ढलप्या उडाल्या. एक दगड कपाळावर बसला, डोळ्यात रक्त उतरलं. तो तसाच ठोकत राहिला. उजवी झडप गिलाव्यासकट सुटली. ती लागताच तिच्यावर विटा धडधडल्या. लाकूड टिकलं.

डावी हटेना. पटाशीचं पातं मोडलं. त्यानं नखं घातली, नखं उलटली. बाहेरून कुणीतरी पेटता बोळा फेकला, गादीची कड धुमसली. बायकोनं तो उघड्या तळव्यानं चिरडला. गादीखालून आई करवादली, "रंगवल्यास की गाडल्यास रे मेल्या?"

तेवढ्यात गजांतून एक हात खांद्यापर्यंत आत घुसला आणि त्यानं डाव्या झडपेची कड पकडली. अडवायला आला, असंच रंगाऱ्याला वाटलं. त्यानं हातोडा घातला, तो चुकून भिंतीवर बसला. हातानं मात्र सगळा जोर लावून झडप ओढली. पाच हातांची खपली कर्रकन फाटली, झडप सुटली. रंगाऱ्यानं क्षणही न दवडता खांद्यानं ती धाडकन लोटली. हात मागे निघत होता, बोटं राहिली. दोन झडपांच्या मध्ये हाडं मोडल्याचा आवाज त्याला खांद्यात ऐकू आला. त्यानं आणखी जोर लावला.

"भावजी, मी आहे! मी ओढत होतो!"

बायको उठली आणि तिनं नवऱ्याच्या पाठीत हातोड्याचा दांडा घातला. झडप बोटभर मागे आली, हात सुटला. मग तिनंच अडसर घातला. बाहेर मेहुणा गजांना पाठ लावून उभा राहिला. "आत म्हातारी आहे," तो ओरडत होता. जमावानं त्यालाही लाथा घातल्या, मग पांगला.

आईचा पाय जागेवर जुळला. गालावर व्रण राहिला. रंगाऱ्यानं दोन दिवस खपून दोन्ही झडपा लाकडापर्यंत खरवडल्या. जोडाच्या कडेला रक्त मुरलं होतं. तेवढी जागा त्यानं पुन्हा कधी रंगवली नाही.

तीन दिवसांची दुप्पट रोजी आईच्या डॉक्टरसाठी ठेवली होती. त्या पैशांतून मेहुण्याच्या तीन बोटांत सळया बसवल्या.