पाकटांचा घास

माझ्या बायकोने घरात स्टिंगरे पाळले होते. कोकणातले लोक ज्याला पाकट म्हणतात, त्याचे हे गोड्या पाण्यातले, परदेशातून आलेले भाऊबंद. चपटे, गोल, जेवणाच्या ताटाएवढे, मागे काटा असलेली शेपटी. एक नर, एक मादी. शहापुरातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत वडिलांचे माग होते. माग विकल्यावर खोली रिकामी पडली, आणि बायको शाळेतून निवृत्त झाली त्या वर्षी तिथे सहा फूट लांब नि तीन फूट रुंद काचेची टाकी आली. ती जीवशास्त्र शिकवायची. तिचा जन्म बेडूक आणि झुरळं यांच्यात गेला, माझा पुस्तकांत. मला त्या माशांची पहिल्या दिवसापासून किळस आली आणि आजही येते. ती गेली म्हणून त्यात फरक पडलेला नाही, हे आधीच सांगून टाकतो.

वरून पाहिलं तर फरशी पुसायचं ओलं पोतेरं पाण्यात पडलंय असं वाटतं. त्या पोतेऱ्यावर बेडकासारखे दोन डोळे वर आलेले. खरी किळस खालच्या बाजूला. काचेला पोट लावून ते वर चढू लागले की पांढरट, बुळबुळीत कातडी दिसते, तीत एक आडवं तोंड, तोंडाच्या वर दोन भोकं. घाईत मातीचं डोकं करायला घेऊन कुणी अर्धवट सोडून दिलं असावं, तसा तो चेहरा आपल्यापुढे उघडझाप करतो. डोळे त्या चेहऱ्यावर नसतातच, ते पाठीवर. सकाळी वर्तमानपत्र आणायला त्या खोलीतून जाताना मी मान वळवून जायचो.

आमच्या घरात तोवर अंडंसुद्धा शिजलं नव्हतं. आता फ्रिजच्या तळाशी दह्याच्या जुन्या डब्यात, ओल्या मातीत, गांडुळं होती. वर बर्फात कोळंबी. ती स्वतः शाकाहारीच राहिली, पण कोळंबीच्या पाठीतला काळा दोरा नखाने इतक्या सफाईने ओढायची की मला शेंगा निवडणारी तिची आई आठवायची, आणि त्या आठवणीचीही शिसारी यायची.

एके दुपारी मी जेवायला बसलो होतो. पुढच्या खोलीतून तिचं हसणं ऐकू आलं म्हणून डोकावलो. तिचा उजवा हात कोपरापर्यंत पाण्यात होता आणि मादी तिच्या मनगटावर चढून बसली होती. नंतर हात धुऊन ती भात वाढायला आली. मी ताट सरकवलं.

"ज्या हातानं त्यांना चारलंस त्या हातानं मला वाढू नकोस."

"साबणानं धुतलाय की हो. दोनदा."

मी उठून गेलो. दुसऱ्या दिवशी बाजारातून हातभर लांब लाकडी चिमटा आला, आणि त्यानंतर मी तिला हाताने चारताना कधी पाहिलं नाही. संध्याकाळी ती चिमट्याने तुकडे सोडायची. कधी कधी ते वाळूवर तसेच पडून राहायचे. त्यांना भूक नसेल, असं मला वाटायचं.

या उन्हाळ्यात ती दोन दिवसांत गेली. दवाखान्यात तिने एकदा विचारलं, "त्यांना घातलंत का?" मी "घातलं" म्हणालो. घातलं नव्हतं.

मग सुतक. तिची थोरली बहीण अनगोळहून राहायला आली. आम्ही तिला आक्का म्हणतो. तिने पहिल्याच दिवशी पुढच्या खोलीत कापूर लावला.

"पाव्हणं, त्या टाकीची मोटर तेवढी बंद करा की. माणूस गेलंय घरातलं आणि हे काय घरघर लावलंय?"

"बंद केली तर मरतील, आक्का."

"मरूं देत. तुमास्नी तर कुठं आवडत होती? आणि झिंगं-बिंगं आणू नका हं सुतकात. भेटायला माणसं येत्यात. नाकाला पदर लावून बसायचं व्हय त्यांनी?"

मी मोटर बंद केली नाही. पण कोळंबीही आणली नाही. फ्रिजमध्ये होती ती आक्काने दुसऱ्याच दिवशी बाहेर फेकायला लावली, गांडुळांचा डबा परसात उपडा केला. मी अडवलं नाही. सुतक आहे, असं मी स्वतःला सांगत राहिलो. खरं असं होतं की ते मरावेत असं मला वाटत होतं, आणि ते मी न मारता मरावेत. पाण्यावर फेस धरला. खोलीत कुजल्यासारखा वास भरला. मी आत जाणं बंद केलं. भेटायला येणारे "फार मायाळू होत्या" म्हणायचे आणि मी मान हलवायचो.

तेरावा झाला, आक्का गेली. मी निपाणीच्या मासेवाल्याला फोन केला. मासे त्याच्याचकडून आलेले. तो शाळेत तिच्या हाताखाली शिकलेला. आता चाळिशीचा आहे, पण तिला मॅडमच म्हणतो. घेऊन जा म्हणालो. तो मोठ्या पिशव्या आणि पिंप घेऊन आला, टाकीपुढे उकिडवा बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"सर, उपाशी ठेवल्यात व्हय?"

"सुतक होतं."

"त्यास्नी कसलं सुतक, सर?"

त्याने मला जवळ बोलावलं. शेपटीच्या मुळाशी मादीच्या अंगातून दोन हाडं वर आली होती, उशीखाली काड्या ठेवाव्यात तशी. कडा आत मुडपल्या होत्या.

"नर निभावंल. ही अशी न्हेली तर संकेश्वरच्या पुढं जाणार न्हाय. वाटंतच मरंल. महिनाभर खायला घाला, हाडं झाकूं देत. मग न्हेतो."

"तूच घाल ना तिकडे नेऊन."

"हलवायचीच न्हाय, सर. इथंच. मॅडमनी लई जीव लावला होता."

त्याने पाणी बदललं, काच पुसली आणि रिकामी पिंपं घेऊन गेला.

मी मासळीबाजारात गेलो. साठी उलटल्यावर, आयुष्यात पहिल्यांदा. फरशीवरचं पाणी चपलेतून बोटांना लागत होतं. कोळंबी सोलताना काळा दोरा तुटायचा आणि त्यातला गाळ बोटाला लागायचा. मी नाक दाबून चिमट्याने तुकडे खाली सोडले. दोघांनी हालचाल केली नाही. तास गेला, तुकडे पांढरे पडले, मी ते नळीने ओढून काढले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या सकाळी मादी मोटरजवळ पडून होती आणि तिची कड नुसती थरथरत होती. मी फोन केला.

"खात नाहीत. मुद्दाम खात नाहीत असं वाटतंय."

"कशानं देताय?"

"चिमट्यानं. ती द्यायची तसं."



"मॅडम हातानंच द्यायच्या, सर. चिमट्याला ती तोंड लावत न्हाईत. तुमी दुपारचं वाचनालयात गेला की द्यायच्या. मला व्हिडिओ धाडायच्या की. तुमास्नी... ठावं न्हवतं?"

"नाही."

"तळहात वर करून धरा. शेपटाकडं हात न्हेऊ नका. घाबरू नका, ती आपसूक येत्यात."

मी सदरा काढून ठेवला. उजव्या तळहातावर कोळंबीचा तुकडा घेऊन हात पाण्यात घातला. पाणी कोमट आणि जड होतं. आधी नर आला. अंगावर शेवाळलेलं कापड ओढावं तसा तो बोटांवरून सरकला, आणि मग त्या आडव्या तोंडाने तळव्याला ओढ लावली. आत बारीक कानशीसारखं काही तरी होतं. हात बाहेर काढून मी मोरीत ओकलो, तोंड धुतलं आणि परत आलो. दुसरा तुकडाही त्यानेच नेला.

मादीला वेळ लागला. हात खांद्यापासून भरून आला होता. शेवटी ती वाळूवरून हळूहळू निघाली, मनगटापाशी थांबली आणि वर चढली. तिचं सगळं वजन माझ्या हातावर आलं. बुळबुळीत, लिबलिबीत, आतून काही तरी सतत धडधडणारं. मी डोळे मिटून घेतले. तिने तुकडा ओढला, चघळला, अर्धा सोडला, परत ओढला. असे सहा तुकडे गेले.

मी हात साबणाने धुतला. दोनदा. नखांखालचा वास तसाच राहिला. स्वयंपाकघरात सकाळचा भात आणि आमटी झाकून ठेवलेली होती. ताट घेतलं, त्याच हाताने भात वाढून घेतला, कालवला. घास तोंडाशी आला तेव्हा वास आला. मी जेवलो.